तीळ

खडेबाजाराच्या मागल्या बोळात माझं फ्लेक्सचं दुकान.
मशीन चालू असलं की शाईचा वास डोक्यात बसतो,
रात्री घरी आमटीलाही येतो.

कलघटगी शेट म्हणाले, औंदा बेंगळूरची मॉडेल नको,
तिचं एका दिवसाचं भाडं म्हणजे इथला दोन महिन्यांचा पगार.
आपल्या काउंटरवरची मुतगेकरांची वनिता आहे की.
दिवसभर साड्या स्वतःच्याच खांद्यावर टाकून दाखवते गिऱ्हाइकाला,
फुकटात.
खरं जरा बघून घे रे, म्हणाले,
पोरगी आपली असावी, दिसावी मात्र बाहेरची.

फोटोत वनिता हसत होती.
गालावर शिवारातलं ऊन,
मनगटावर तव्याचा चटका,
दंडावर लहानपणच्या सुईचा वण,
आणि हनुवटीच्या वर, एका बाजूला, तीळ.

मी कामाला लागलो.
ऊन काढलं. चटका काढला. सुई काढली.
तिळाला तर अख्खी क्लिकसुद्धा लागली नाही.
मग कंबर.
आमच्या भागात एक रेष सरकवायची म्हणून
माझ्या आज्याचं आयुष्य मोर्चात गेलं,
बापाचं तारखांत,
कागद अजून दिल्लीत आहेत.
मी माऊसच्या चिमटीत धरली रेष
आणि बोटभर आत ढकलली.
कुणी हरकत घेतली नाही.
मागच्या खांबाची कड तेवढी वाकली,
ती सरळ केली.

साडीला हात लावला नाही.
वडगावच्या मागाची आहे, शेटनी बजावलं होतं,
काठाचा रंग सूतभरही बदलता कामा नये,
गिऱ्हाईक भांडतं.

वीस बाय दहा. गोवावेसला लागला.
वर कानडी मोठ्या अक्षरांत, नियमाप्रमाणं,
खाली मराठी, बारीक,
मधे ती.
डोळ्यांत दोन पांढरे ठिपके, मीच टाकलेले.
रात्री दिवे लागले की चुना दिल्यागत दिसायची.

आठवड्यानं वनिता दुकानात आली. उभीच राहिली.
आईला आणलं होतं बघायला, म्हणाली.
मुतग्याची बस येईपर्यंत अर्धा तास
बरोबर त्याच्याखालीच थांबली होती, पिशवी धरून.
मी येऊन विचारलं, बघितलंस काय?
तर म्हणते, तुझं कुठं लावलंय गं?
ही बाई चांगली आहे, खरं जेवत नाही वाटतं.

आईला वाचता येत नाही.
ना कानडी, ना मराठी.
जत्रेत हरवले तेव्हा तिळावरनं शोधून काढलं होतं तिनं मला.

मी म्हणालो, आता बदलता येत नाही, शेटचा माल आहे.
तो ऱ्हाऊ दे तिथंच, म्हणाली.
मला एक लहान काढून दे, घरात लावायला.
पैसे देते.
पहिला होता तो.

पहिला नव्हता.
त्याच नावानं सेव्ह करत गेलो होतो मी,
थरावर थर, आणि शेवटी सगळे एक केलेले.
कॅमेऱ्याच्या कार्डावर आता शेटच्या नातवाचं बारसं होतं.

ऊन परत आणलं, जमेल तसं.
चटका अंदाजानं.
कंबर सैल सोडली.
तीळ राहिला.
डावीकडं होता की उजवीकडं?
चार रात्री बसलो होतो त्या चेहऱ्याशी,
चारशे टक्के मोठा करून,
एकेक छिद्र बुजवत.

वनितानं स्टूल ओढलं,
गाल पडद्याच्या उजेडात धरला.
मी सगळ्यात बारका ब्रश घेतला.
इथं?
जरा खाली.
इथं?
अजून. आणि तुझ्याकडनं नव्हं,
माझ्याकडनं डावीकडं.